शेजारचा विस्तव

काहीही जवळ नसताना रानात जगून दाखवायचं असेल, तर आधी बरीच खरेदी करावी लागते. हे मला माझ्या भाच्यामुळे कळलं. त्याला बुशक्राफ्टचा नाद लागला आहे. तंबू, गॅस आणि मॅगी घेऊन गडावर जाणाऱ्यांकडे तो आता, पायी वारी करणारा माणूस गाडीनं पंढरपूर गाठणाऱ्याकडे पाहतो तसं पाहतो. रानात जायचं, तिथल्याच फांद्यांचा आणि पानांचा आडोसा करायचा, लाकडावर लाकूड घासून आग पेटवायची आणि सोमवारी सकाळी लॅपटॉपसमोर हजर व्हायचं, असा हा छंद आहे.

ताईच्या घरी त्याच्या नावानं खोकी येत असतात. एकात कार्बन स्टीलचा सुरा होता. मग त्या सुऱ्याला धार लावायचे दगड आले, मग ते दगड ठेवायची कातडी पिशवी आली. पॅराशूटला लावतात तसल्या दोरीची भेंडोळी आली, टार्प नावाची कुलीन ताडपत्री आली. कोकणातला गडी कमरेच्या आकडीत एक कोयती अडकवून घराबाहेर पडतो आणि तेवढ्यावर फांद्या तोडतो, कुंपण सारखं करतो, शहाळं सोलतो आणि वाटेत कुणी भेटलं तर तिच्याच टोकानं दिशा दाखवतो. कोयतीला धार करायला ओढ्यातला दगड चालतो. हे मी बोलून दाखवलं नाही. ज्यानं नुकतीच खरेदी केली आहे त्याला स्वस्त पर्याय सांगू नये, एवढं मला संसारात कळलेलं आहे.

एका खोक्यात करंगळीएवढी काळी कांडी होती. सुऱ्याच्या पाठीनं ती खरवडली की भरभरून ठिणग्या पडतात. "मामा, ही खरी आदिमानवाची पद्धत," भाचा म्हणाला. मी चष्मा लावून वाचलं. कांडी फेरोसेरियमची होती. हा मिश्रधातू 1903 साली कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञानं काढला. पूर्वी लग्नाच्या वरातीत डोक्यावरून गॅसबत्त्या नेत, त्यांच्यातलं पांढरं जाळीदार मेंटल हीसुद्धा याच गृहस्थाची करामत. मेंटलसाठी खनिजं वेगळी करताना जो नकोसा माल उरे त्याचं काय करावं, या काळजीतून हा ठिणग्यांचा धातू निघाला आणि पुढे सिगारेट लायटरच्या पोटात खडा होऊन बसला. उलट, घासून पेटणारी काडी इंग्लंडमधल्या जॉन वॉकर नावाच्या औषधविक्यानं 1827 सालीच विकायला काढली होती. म्हणजे भाच्याची आदिम कांडी आमच्या देवघरातल्या काडेपेटीपेक्षा पाऊण शतकानं धाकटी.

हे मात्र मला सांगितल्याशिवाय राहवलं नाही. त्यावर तो म्हणाला, "मामा, फील महत्त्वाचा."

फीलच हवा होता तर चकमक होती. माझ्या आजोबांच्या चंचीत सुपारी-तंबाखूच्या शेजारी लोखंडाची एक पट्टी, गारेचा तुकडा आणि सावरीचा कापूस असे. गारेवर कापूस धरायचा, पट्टीचा फटका मारायचा, ठिणगी कापसात शिरली की फुंकर घालून विडी पेटवायची. पावसात, वाऱ्यात, बैलगाडीवर बसल्या बसल्या हे चाले. पुढे काडेपेटी गल्लीबोळात मिळू लागल्यावर त्यांनी चकमक खुंटीला टांगली आणि तिच्याकडे पुन्हा पाहिलं नाही. मी लहानपणी एकदा ती वाजवून दाखवायला सांगितली, तर म्हणाले, "काडी असताना?"

तर भाच्यानं कांडी ठेवून दिली आणि तो मुळाशी गेला. सोसायटीच्या गच्चीवर त्यानं धनुकलीनं आग पाडायचा उद्योग आरंभला. यात मऊ लाकडाची एक फळी असते, तिच्यावर उभं फिरणारं एक दांडकं असतं, दांडक्याला धनुकलीच्या दोरीचा वेढा असतो, आणि दांडक्याचं डोकं एका दगडाच्या खळग्यात धरून वरून दाबायचं असतं. मग करवतीसारखी धनुकली मागेपुढे ओढायची. फळीच्या काठाला पाचरीएवढी खाच पाडलेली असते. घासून निघालेली भुकटी तिथं साचते. आधी तपकिरी, मग काळी, मग धुरकट. सगळं जमून आलं तर त्या भुकटीच्या पोटात वाटाण्याएवढा निखारा धरतो. ज्वाळा इथे कुठेच नसते. तो निखारा सुक्या गवताच्या किंवा काथ्याच्या गोळ्यात अलगद ठेवून फुंकत राहायचं. लाकूड जरा दमट असलं, दाब कमीजास्त झाला, किंवा घामाचा थेंब नेमका खाचेत पडला, की पहिल्यापासून सुरुवात. श्रम इतके पडतात, की आग लागेपर्यंत माणसाला उबेची गरज उरत नाही.

माझी आई गच्चीवर कुरडयांच्या वाळवणाची राखण करत बसली होती. नातवाचं हे घासणं, थांबणं, धापा टाकणं तिनं बराच वेळ पाहिलं. धूर कुरडयांवर यायला लागला तेव्हा ती म्हणाली, "अरे, एवढा जीव कशाला काढतोस? शेजारून आणायचा होतास विस्तव."

भाचा हसला. मलाही हसू आलं. पण नंतर जितका विचार केला तितकं मला वाटत गेलं, की या छंदावरच्या जाडजूड पुस्तकांत नसलेली गोष्ट आई सहज बोलून गेली.

आईचं माहेर संगमेश्वरकडचं. तिच्या लहानपणी घरात काडेपेटी होती, पण ती फडताळाच्या वरच्या फळीवर, देवापुढच्या निरांजनासाठी आणि कंदिलासाठी. चूल पेटवायला काडी ओढणं ही उधळपट्टी. रात्री जेवणं आटोपली की घरातली बाई निखारे एकत्र ओढायची, त्यांत एक शेणी खोचायची आणि वरून राख लोटायची. पहाटे राख बाजूला केली की आत लाल डोळा जागा असायचाच; दोन काटक्या आणि फुंकणी, की चूल सुरू. क्वचित विझलाच, तर घरातलं पोर करवंटी घेऊन शेजारी पळायचं. शेजारीण करवंटीत राखेच्या गादीवर दोन निखारे द्यायची, आणि त्यांच्याबरोबर काल रात्री कुणाकडे कोण आलं होतं तेही सांगायची. बांधावरून भाऊबंदांत विस्तव जात नसे, पण चुलीतला विस्तव मात्र मागच्या दारानं जात असे.

म्हणजे आग पेटवण्याचं कौशल्य त्या घरांना क्वचितच लागे. लागे ते आग न विझू देण्याचं कौशल्य, आणि ती विझलीच तर मागायला तोंड असण्याचं. आजचा छंदिष्ट जो प्रसंग पुन्हा पुन्हा हौसेनं उभा करतो, विस्तव नाही, शेजार नाही, रात्र पडत आली आहे, तो प्रसंग आपल्यावर येऊ नये यासाठीच जुन्या माणसांची सगळी विद्या खर्च होत होती.

कोकणातली आगोटीची तयारी पाहिली आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. मे महिन्यात लाकूडफाटा फोडून पडवीत रचला जाई. शेण्या थापून, वाळवून त्यांची उतरंड होई. सुकी मासळी, कोकमं, फणसपोळी, सांडगे, मीठ, गुरांचा पेंढा, कौलांची शाकारणी, सगळं मृग लागायच्या आत. पुढचे चार महिने नदी पलीकडे जाऊ देणार नाही आणि ऊन वाळवू देणार नाही, हे गृहीत धरून. अमेरिकेत आता अशी साठवण करणाऱ्यांना प्रेपर म्हणतात आणि त्यांच्यावर मालिका काढतात. आमच्या आजीनं तर कपाळाला आठीही न घालता हे जन्मभर केलं, आणि वर ‘यंदा कोकमं कमीच झाली’ अशी कुरकुरही केली. सह्याद्रीत जुलै महिन्यात, जेव्हा दगडालाही शेवाळ येतं, तेव्हा कोरडं सरपण कुठे शोधावं हा प्रश्न छंदिष्टाला पडतो. त्याची पुस्तकं बहुधा कॅनडातल्या आणि स्कँडिनेव्हियातल्या जंगलांवर लिहिलेली असतात. तिथे भर पावसातही भुरभुर पेटणारी बर्च झाडाची साल मिळते. आमच्याकडे याचं उत्तर असं होतं, की कोरडं सरपण जुलैत शोधायचंच नसतं.

हे काही कोकणचंच वेड नव्हे. 1991 साली ऑस्ट्रिया आणि इटलीच्या सीमेवर आल्प्सच्या बर्फात एक माणूस सापडला. त्याला ओट्झी म्हणतात. मरून पाच हजारांहून जास्त वर्षं झाली होती, पण त्याचं सामान जवळपास शाबूत होतं. त्यात बर्चच्या सालीचे दोन डबे होते आणि एकात मेपलची पानं आणि कोळशाचे कण मिळाले. गृहस्थ निखारे ओल्या पानांत गुंडाळून बरोबर नेत असावा. ठिणगी झेलणारी झाडावरची बुरशीही त्याच्याजवळ होती, म्हणजे आग पाडायची कला त्याला येत होती. पण येत असली तरी रोज कोण करतं? त्यानं घरून विस्तव घेतला आणि निघाला. माझ्या आईला हा माणूस कळला असता. अंदमानातल्या लोकांविषयी तर मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राउन यांनी 1922 साली छापलेल्या ग्रंथात असं नोंदलं आहे, की त्यांच्याकडे आग पेटवण्याची स्वतःची रीतच नव्हती. ते ती जपत आणि बरोबर नेत.

लाकडावर लाकूड घासून आग काढण्याची आपली घरची परंपरा म्हणजे यज्ञातलं अग्निमंथन. शमीवर उगवलेल्या पिंपळाची अरणी, तिच्यावर फिरणारा मंथा, त्याला गुंडाळलेली दोरी. 1975 साली केरळातल्या पांजाळ इथे नंबुद्री ब्राह्मणांनी केलेलं अग्निचयन फ्रिट्स स्टाल या अभ्यासकाच्या खटपटीमुळे चित्रित झालं आणि जगभर पाहिलं गेलं. महाराष्ट्रातल्या यज्ञांतही हे मंथन आजही होतं. त्यात मला गंमत वाटते ती माणसांच्या संख्येची. एकानं मंथ्याच्या डोक्यावरची ओविली वरून दाबून धरायची, दुसऱ्यानं दोरी ओढायची, तो दमला की तिसऱ्यानं घ्यायची, आणि बाकीच्यांनी मंत्र म्हणता म्हणता धूर आला का ते पाहायचं. शिवाय ज्याच्या घरी अग्निहोत्र असे तो गार्हपत्य अग्नी विझू देत नसे. अरणी असूनही चुलीचाच नियम. छंदिष्टांना धनुकली प्रिय आहे ती का, हे इथे माझ्या लक्षात आलं. धनुकली आली की दोरी ओढणारा दुसरा माणूस लागत नाही.

एकट्यानं जगून दाखवायचं हे स्वप्न मुळात गजबजलेल्या माणसांचं आहे. 1902 साली अर्नेस्ट थॉम्पसन सीटन या लेखकानं अमेरिकेत मुलांसाठी रानविद्येची चळवळ काढली. त्याचं कारण मोठं घरगुती होतं. आसपासची वांड पोरं त्याच्या जागेत नासधूस करत, तेव्हा पोलिसांकडे जाण्याऐवजी त्यानं त्यांनाच मुक्कामाला बोलावलं आणि मूळ अमेरिकनांच्या पद्धतीनं तंबू, शेकोट्या, माग काढणं असं सगळं शिकवलं. पाच वर्षांनी बेडन-पॉवेलनं ब्राउनसी बेटावर मुलांचं शिबिर घेतलं आणि त्यातून स्काऊट झालं. आमच्यापर्यंत ते खाकी चड्डी, शिट्टी, गाठींचा तक्ता आणि ‘खरी कमाई’च्या नावाखाली शेजाऱ्यांच्या सायकली पुसणं एवढ्याच रूपात पोचलं. ज्यांच्या विद्येवर ही शिबिरं चालत होती ती माणसं त्याच सुमाराला राखीव भूमीत कोंडली जात होती, ही गोष्ट मात्र शेकोटीभोवती कुणी सांगत नसे.

भाच्याच्या आग्रहानं मी कर्जतच्या बाजूला अशा एका शिबिराला गेलो होतो. संस्थेचं नाव सांगत नाही. जेवण चांगलं होतं. शिकवणारे उत्साही तरुण शहरातले होते आणि सरपण, पाणी आणायला जवळच्या ठाकरवाडीतला एक माणूस रोजानं ठेवलेला होता. दुपारभर मंडळी धनुकल्या ओढत होती. धूर पुष्कळ झाला. तो माणूस मोळी टाकून बाजूला उकिडवा बसला होता. बराच वेळ अदबीनं पाहिल्यावर त्याला राहवेना. तो उठून माझ्याजवळ आला, कारण जमलेल्यांत मीच काही करत नव्हतो, आणि हळूच म्हणाला, "काडी नाय का सायेब तुमच्याकडं? माझ्याकडं हाय." आणि त्यानं खिशातून लायटर काढला.

त्या रानातली कुठली मुळी खातात, कुठल्या पानाची पत्रावळ फाटत नाही, कारवीचा कूड कसा विणतात आणि शेण-मातीनं कसा लिंपतात, खेकडे कुठल्या दगडाखाली असतात, हे त्याला ठाऊक होतं. संध्याकाळी भाच्यानं त्याला एकेक विचारायला सुरुवात केली तेव्हा तो आधी लाजला आणि मग थांबेना. पण त्याच्या स्वतःच्या घराला आता सिमेंटचे पत्रे होते आणि पावसात तो डोक्यावर खताच्या गोणीची खोळ घेई. इरलं विणायला वेळ जातो, गोणी फुकट मिळते. नेमक्या त्याच वेळी शिबिरातला एक तरुण अंगावर महागाची लोकरी घोंगडी घेऊन फोटो काढून घेत होता, आणि घोंगडी भिजली तरी ऊब देते असं सगळ्यांना सांगत होता. ते खरंही आहे. दोघं एकमेकांकडे पाहत होते आणि मला वाटतं दोघांनाही दुसऱ्याचा किंचित हेवा वाटत होता.

मी भाच्याची थट्टा करतो, पण त्याच्या छंदाला नावं ठेवणाऱ्यांत मी नाही. नव्या वर्षी जिमचे पैसे भरून फेब्रुवारीत विसरण्यापेक्षा हे कितीतरी बरं. लाकूड कोणत्या जातीचं, सुकलंय किती, रेषा कुणीकडे जाते हे त्याला आता हाताला कळतं; मला फक्त टेबल आणि खुर्ची यांतला फरक कळतो. त्यानं पुढे ठाकरवाडीला एकट्यानंच जायला सुरुवात केली. तिथे धनुकली कुणी पाहायला मागत नाही. लावणीत चिखल तुडवायला मात्र एक माणूस नेहमी कमी असतो.

या सगळ्या प्रकरणात मला राहून राहून इशी आठवतो. कॅलिफोर्नियातल्या ‘याही’ नावाच्या जमातीचा हा शेवटचा माणूस. बाकीचे मारले गेले किंवा उपासमारीनं गेले. इशी उरलेल्या चारदोघांबरोबर अनेक वर्षं डोंगरात लपून राहिला, तेही संपले, आणि 1911 साली तो एकटाच ओरोव्हिल गावाच्या कडेला उपाशी अवस्थेत सापडला. एकट्यानं जगून दाखवण्याचं स्वप्न पाहणाऱ्यांनी हा माणूस जरूर पाहावा. सगळी विद्या हातात असलेला माणूस एकटा पडल्यावर गावाकडेच आला. मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात आणलं. तिथे तो झाडलोटीचं काम करी आणि रविवारी आलेल्या लोकांना बाण करून, लाकूड फिरवून आग काढून दाखवी. बाणांची टोकं तो बाटल्यांच्या काचेचीही करायचा. काच छान फुटते, दगडापेक्षा सोपी. वार्ताहरांना त्याचा कातडं पांघरलेला फोटो हवा होता, पण बाकी कुणी कपडे काढलेले नाहीत हे पाहून त्यानंही ते काढायला नकार दिला. 1914 साली क्रोबर आणि त्यांचे मित्र त्याला त्याच्या जुन्या डोंगरात मुक्कामाला घेऊन गेले. प्राध्यापक मंडळी हरखून गेली होती. इशीला जायचंच नव्हतं.

शेजारच्या वैद्यकीय महाविद्यालयात सॅक्स्टन पोप नावाचे शल्यविशारद होते. त्यांची आणि इशीची दोस्ती झाली. इशीनं त्यांना धनुष्य करायला आणि मारायला शिकवलं, आणि डॉक्टरांनी 1916 साली इशी क्षयानं गेला तोपर्यंत त्याची शुश्रूषा केली. पुढे पोप यांनी धनुष्यबाणाच्या शिकारीवर पुस्तक लिहिलं आणि अमेरिकेत तो छंद जोरात पसरला. आज तिथे पोप आणि त्यांचे सोबती आर्ट यंग यांच्या नावाचा क्लब आहे, तो धनुर्धाऱ्यांच्या शिकारींचे विक्रम नोंदवतो. त्या धनुर्धाऱ्यांतल्या बहुतेकांच्या धनुष्याला आता दोन्ही टोकांना कप्प्या असतात, नेम धरायला दुर्बिणीसारखं काहीतरी असतं, आणि ताणून धरलं तरी हात भरून येत नाही. शुद्धतावादी लोक त्यावर नाक मुरडतात. इशीला ते धनुष्य दाखवता आलं असतं तर त्यानं ते उलटसुलट करून पाहिलं असतं, कप्पी दोनदा फिरवली असती आणि हे कुठे मिळतं म्हणून विचारलं असतं, असा माझा अंदाज आहे. भाच्याला तो अजिबात पटलेला नाही.